लोड बॅलन्सर विकणाऱ्या कंपनीची वाढ खरी की नुसती सूज, कसं ओळखायचं

निकाल लागतो, हेडलाइन येते "रेव्हेन्यू दहा टक्क्यांनी वाढला", आणि आपण म्हणतो वा, मस्त चाललंय की. पण अॅप्लिकेशन डिलिव्हरीच्या, म्हणजे लोड बॅलन्सरसारखी यंत्रं (आमच्या भाषेत बॉक्स) विकायच्या धंद्यात हा एकटा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. तेच दहा टक्के चार वेगवेगळ्या वाटांनी येतात: लोकांचे जुने बॉक्स बदलायची वेळ झाली म्हणून, गेल्या वर्षी अडकलेला माल आत्ता रवाना झाला म्हणून, तीन वर्षांचं लायसन्स एकाच क्वार्टरमध्ये हिशेबात धरलं म्हणून, नाहीतर दुसरी एखादी कंपनी विकत घेतली म्हणून. पाचवी वाट म्हणजे खरोखर नवीन काम मिळालं, आणि आपल्याला शोधायची असते ती नेमकी हीच. मी बरीच वर्षं हे बॉक्स विकत घेणाऱ्या बाजूला होतो, नंतर कुतूहलापोटी विकणाऱ्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लागलो, आणि तेव्हा कळलं की आपल्या सर्व्हर रूममध्ये जे चालतं तेच तिकडे आकड्यांत दिसतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. शेअर घ्या किंवा विका असलं काही मी सांगणार नाहीये, वाचायचं कसं एवढंच.

आधी दोन मिनिटांत वस्तू समजून घेऊ. एका वेबसाइटमागे दहा सर्व्हर असतात, बाहेरच्याला एकच पत्ता दिसतो, आणि मध्ये बसलेलं यंत्र ठरवतं की कुठली रिक्वेस्ट कुठे पाठवायची, कुठला सर्व्हर आजारी आहे, कुणाला परत त्याच सर्व्हरवर न्यायचं. हा झाला लोड बॅलन्सर. पुढे त्याच यंत्रावर एन्क्रिप्शन उघडायचं आणि बंद करायचं काम आलं, आणि ट्रॅफिक इथे उघडून दिसतोच आहे तर तपासूनही घ्या म्हणून वेब अॅप्लिकेशन फायरवॉल (वेबसाइटवरचे हल्ले अडवणारी चाळणी) आली, डीडॉस म्हणजे खोट्या ट्रॅफिकचा पूर थांबवणं आलं, बॉट म्हणजे माणसाऐवजी येणारे प्रोग्रॅम ओळखणं आलं, एपीआयची म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या दारांची राखण आली. म्हणजे या कंपन्या सिक्युरिटीत उडी मारून आल्या नाहीत, ट्रॅफिकच्या वाटेत आधीच बसल्या होत्या म्हणून आल्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कागद. अमेरिकेत लिस्ट झालेली कंपनी असेल तर तिचं सगळं एसईसीच्या, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या, एडगर साइटवर फुकट मिळतं. वार्षिक अहवाल म्हणजे टेन-के, तिमाहीचा टेन-क्यू, आणि मध्येच काही घडलं तर एट-के. रॅडवेअरसारखी इस्रायलची कंपनी टेन-के देत नाही, ट्वेंटी-एफ देते, तेव्हा शोधताना गोंधळू नका. कंपनीच्या साइटवरचं गुळगुळीत प्रेझेंटेशन सगळ्यात शेवटी उघडायचं, आधी उघडलंत की डोक्यात त्यांचीच गोष्ट बसते आणि मग आकडेही तसेच दिसायला लागतात. आणि आर्थिक वर्ष कधी संपतं ते पहिल्यांदा बघा. एफ५ आणि ए१० या लोड बॅलन्सर विकणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्या घ्या, एफ५ चं वर्ष ३० सप्टेंबरला संपतं, ए१० चं डिसेंबरला, त्यामुळे दोघांचं "२०२३" शेजारी ठेवून तुलना केली तर तीन महिन्यांचा सांधा चुकतो. मी ही चूक केलेली आहे, चांगली दोन संध्याकाळ वाया घालवून.

आकडे मांडायला स्वतःची एक एक्सेल शीट उघडली की एकूण रेव्हेन्यूचा रकाना तात्पुरता झाकून ठेवा आणि तुकडे भरा. प्रॉडक्ट वेगळं, सर्व्हिस वेगळी. प्रॉडक्टच्या आत परत हार्डवेअर वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं. हे का करायचं ते एफ५ च्या उदाहरणावरून कळतं. २०२३ च्या आर्थिक वर्षात त्यांचा रेव्हेन्यू साधारण २८१ कोटी डॉलर होता आणि २०२४ मध्येही साधारण २८१ कोटीच. हेडलाइन वाचणारा म्हणेल कंपनी झोपलेली आहे. आत बघितलं तर झोप वगैरे काही नाही, हार्डवेअर म्हणजे ते ज्याला सिस्टिम्स म्हणतात ते सुमारे २० टक्के घसरलं, सॉफ्टवेअर ११ टक्क्यांच्या आसपास वाढलं, सर्व्हिस थोडी वाढली, आणि सगळ्याची बेरीज योगायोगाने जिथल्या तिथे आली. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, रेव्हेन्यू ३०९ कोटींच्या आसपास गेला, दहा टक्के वाढ, आणि यावेळी जोर लावला तो परत त्याच हार्डवेअरने, ज्याला सगळ्यांनी म्हातारं ठरवलं होतं.

हे वर-खाली होतं कशामुळे, तर बॉक्सचं आयुष्य ठरलेलं असतं. पाच-सात वर्षं चालवतात, मग कंपनी जाहीर करते की या मॉडेलची विक्री बंद, अमुक तारखेनंतर नवीन सॉफ्टवेअर मिळणार नाही, तमुक तारखेनंतर सपोर्टही नाही. बँकेत किंवा टेलिकॉममध्ये सपोर्ट नसलेला बॉक्स ठेवला तर ऑडिटवाले डोक्यावर बसतात, म्हणजे बदलावाच लागतो, इच्छा असो नसो. म्हणून माझी पहिली सवय अशी की कंपनीच्या सपोर्ट साइटवर एंड ऑफ लाइफच्या तारखा बघायच्या. या तारखा उघड असतात, कुणीही बघू शकतं, आणि दोन वर्षांनी हार्डवेअरचा रेव्हेन्यू का उसळला याचं अर्धं उत्तर तिथे आधीच लिहिलेलं असतं. एफ५ च्या ताज्या उसळीमागेही जुन्या मॉडेलांची मुदत संपत येणं हे मोठं कारण आहे. अशी वाढ खोटी नसते, पैसे खरेच येतात, पण ती उसनी असते. आज ज्याने बॉक्स बदलला तो पुढची काही वर्षं परत येणार नाही.

दुसरी गंमत अडकलेल्या मालाची. २०२२ मध्ये चिप मिळत नव्हत्या तेव्हा एफ५ कडे ऑर्डर होत्या पण बॉक्स बनवायला सामान नव्हतं, त्यांनी वर्षाच्या मध्यातच अंदाज खाली आणला आणि त्या वर्षी वाढ चार टक्क्यांच्याही खाली राहिली. मग २०२३ मध्ये सामान मिळालं, जुन्या ऑर्डरी रवाना झाल्या, हार्डवेअरचा आकडा बरा दिसला. खरं तर तेव्हा नवीन मागणी थंड पडत होती, गिऱ्हाइकं खर्चाला हात आखडत होती, एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने सुमारे ६२० लोकही कमी केले. म्हणजे २०२२ दिसलं त्यापेक्षा चांगलं होतं आणि २०२३ दिसलं त्यापेक्षा वाईट. म्हणून बॅकलॉग (ऑर्डर मिळालीय पण माल अजून जायचाय) हा शब्द अहवालात शोधायचा, आणि निकालानंतर कंपनी विश्लेषकांशी जो कॉल घेते त्यात त्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचं. बॅकलॉग कमी होत असताना रेव्हेन्यू वाढत असेल तर कंपनी साठवणीतलं खातेय एवढं समजायचं.

थोडं मागे जाऊ, कारण पूर्वीची वाढ कशी दिसायची हे माहीत नसेल तर आत्ताची मोजायला पट्टीच नाही. एफ५ सुरू झाली १९९६ मध्ये सिएटलला, बिग-आयपी हा त्यांचा मुख्य लोड बॅलन्सर बाजारात आला १९९७ मध्ये, जून १९९९ मध्ये नॅसडॅकवर लिस्ट झाली. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा पार खाली गेली आणि मग सावरली. २०१० च्या आर्थिक वर्षात ८८ कोटी डॉलर, २०११ मध्ये ११५ कोटी, म्हणजे तीस टक्क्यांवर वाढ. आणि त्याच काळात जानेवारी २०११ मध्ये एका निकालानंतर शेअर एका दिवसात वीस टक्क्यांहून जास्त पडला, त्या क्वार्टरचा रेव्हेन्यू वर्षभरापूर्वीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढलेला असताना! लोकांची अपेक्षा त्याहून थोडी जास्त होती, बस. तेव्हा कंपनीची वाढ आणि शेअरची वाढ या दोन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या खणात ठेवा, मी इथे पहिलीबद्दलच बोलतोय. २०१५ पर्यंत १९२ कोटी झाले आणि नंतरची चार वर्षं वाढ तीन ते पाच टक्क्यांत अडकली. क्लाउड आला होता ना.

क्लाउडबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्या. अॅमेझॉनने इलास्टिक लोड बॅलन्सिंग २००९ मध्ये आणलं, आणि तेव्हापासून साधा लोड बॅलन्सर ही मीटरवर मिळणारी वस्तू झाली, शिवाय एचएप्रॉक्सी आणि एनजिनएक्स ही तेच काम करणारी ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट होतीच. म्हणजे "सर्व्हरमध्ये ट्रॅफिक वाटणं" यासाठी कुणी मोठे पैसे द्यायचे दिवस तेव्हाच संपायला लागले. तरी या कंपन्या बुडाल्या नाहीत. का बुडाल्या नाहीत हेच या सगळ्या धंद्याचं गुपित आहे, आणि ते सर्व्हिसच्या रकान्यात लपलेलं आहे.

एफ५ चा निम्म्याहून जास्त रेव्हेन्यू सर्व्हिसमधून येतो, म्हणजे मुख्यतः मेंटेनन्स आणि सपोर्टची रिन्यूअल. लोक दरवर्षी ते पैसे का भरतात? ज्याने हे बॉक्स चालवलेत त्याला विचारा. एफ५ वर आयरूल्स नावाचा प्रकार आहे, टीसीएल भाषेत छोट्या स्क्रिप्ट लिहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या ट्रॅफिकवर हवं ते करायचं. ए१० वर तसंच एफ्लेक्स आहे, तेही टीसीएलच. आता कल्पना करा, दहा वर्षांत चार वेगवेगळ्या इंजिनियरांनी लिहिलेल्या तीनशे आयरूल्स, त्यातल्या दोन जणांनी नोकरी सोडलेली, एका स्क्रिप्टवर कमेंट लिहिलीय "हे काढू नका, पेमेंट बंद पडतं" आणि का बंद पडतं ते कुणालाच माहीत नाही. असा बॉक्स काढून दुसऱ्या कंपनीचा लावायचा निर्णय कोण घेणार? कुणीच नाही. आमच्याकडे एकदा अशी मोहीम निघाली होती, सहा महिने नुसती यादी बनवण्यात गेले आणि शेवटी रिन्यूअलवर सही झाली, थोडं डिस्काउंट घेऊन. म्हणून सर्व्हिसचा रकाना हा त्या कंपनीच्या मुळांची खोली असते. प्रॉडक्ट दोन वर्षं पडलं तरी चालतं, पण सर्व्हिस सलग तीन-चार क्वार्टर खाली यायला लागली तर समजा लोक खरंच सोडून चाललेत, कारण तो सगळ्यात उशिरा हलणारा आकडा आहे.

त्यासोबत ताळेबंदावर डिफर्ड रेव्हेन्यू बघा. गिऱ्हाइकाने तीन वर्षांच्या सपोर्टचे पैसे आधी भरले तर कंपनी ते लगेच कमाईत धरत नाही, देणं म्हणून बाजूला ठेवते आणि महिन्या-महिन्याला थोडं थोडं कमाईत आणते. देणं म्हणून दाखवलेली ही रक्कम वाढणं म्हणजे इथे चांगलं लक्षण, पहिल्यांदा वाचणारा इथे हमखास गडबडतो. रेव्हेन्यू वाढतोय आणि डिफर्ड रेव्हेन्यू सपाट किंवा खाली, तर शंका घ्या. उलट रेव्हेन्यू मंद पण डिफर्ड वाढतोय, तर कदाचित कंपनी एकदम विकण्याऐवजी सबस्क्रिप्शनवर नेतेय आणि आजचे आकडे त्यामुळे बारीक दिसतायत.

आता सॉफ्टवेअरकडे, आणि इथे जरा नीट लक्ष द्या कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "आमचा सॉफ्टवेअर रेव्हेन्यू इतका वाढला" असं ऐकलं की वाटतं दर महिन्याला नळासारखे पैसे येतायत. पण सॉफ्टवेअर दोन जातींचं आहे. एक खरं सास, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या क्लाउडवर चालतं, त्याचा रेव्हेन्यू महिन्यागणिक पसरून येतो. दुसरं टर्म लायसन्स, म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्याच डेटा सेंटरमध्ये चालवायला तीन वर्षांचा परवाना घेतला. २०१८ च्या सुमारास लागू झालेल्या एएससी ६०६ या हिशेबाच्या नियमाप्रमाणे त्या टर्म लायसन्सचा बराचसा हिस्सा सुरुवातीलाच, एका फटक्यात, रेव्हेन्यूत येतो. मग काय होतं, ज्या वर्षी मोठे तीन वर्षांचे करार झाले त्या वर्षी सॉफ्टवेअर झकास, पुढची दोन वर्षं ओसाड, आणि तिसऱ्या वर्षी तेच करार रिन्यू झाले की परत झकास. कंपनीने काही नवीन केलेलं नसतं, फक्त कॅलेंडर फिरून आलेलं असतं. म्हणून सॉफ्टवेअरची वाढ बघताना तीन वर्षांपूर्वीच्या त्याच क्वार्टरचा आकडाही शेजारी मांडायचा. आणि कंपनी एआरआर म्हणजे वार्षिक आवर्ती रेव्हेन्यू सांगत असेल तर त्याची व्याख्या तळटीपेत वाचायची, प्रत्येकाची वेगळी असते, कुणी त्यात सपोर्टही कोंबतात.

मग येतं विकत घेणं. एफ५ ने एनजिनएक्सच्या मागची कंपनी घेतली, मार्च २०१९ मध्ये घोषणा, ६७ कोटी डॉलर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शेप सिक्युरिटीची घोषणा, सुमारे १०० कोटी, हे बॉट आणि फसवणूक ओळखणारे लोक. जानेवारी २०२१ मध्ये व्होल्टेरा, सुमारे ५० कोटी, ज्याच्यावर पुढे त्यांचं डिस्ट्रिब्युटेड क्लाउड उभं राहिलं. दोन वर्षांत दोनशे कोटींहून जास्त. २०१९ चा रेव्हेन्यू २२४ कोटी, २०२१ चा २६० कोटी, म्हणजे वरच्या ३६ कोटींतले काही आपल्या घामाचे आणि काही विकत आणलेले. यातलं किती कुठलं हे काढायचं तर टेन-केमध्ये अधिग्रहणाची टीप असते ती वाचायची, कधी कधी तिथे विकत घेतलेल्या कंपनीने किती रेव्हेन्यू आणला ते लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर निदान तो करार पूर्ण झाल्यानंतरची पहिली चार क्वार्टर बाजूला काढून मग वाढ मोजायची.

विकत घेणं म्हणजे वाईट असं नाही हं. एफ५ ने २००४ मध्ये मॅग्निफायर नावाची छोटी कंपनी तीनेक कोटी डॉलरला घेतली आणि त्यातून त्यांची वेब अॅप्लिकेशन फायरवॉल आली, जी आजतागायत विकली जाते. सिट्रिक्सने २००५ मध्ये नेटस्केलर (हाही लोड बॅलन्सरच) सुमारे ३० कोटींना घेतलं, तेही नाणं पुढे वर्षानुवर्षं चाललं. पण उलट गोष्ट ऐका. २००० मध्ये नॉर्टेलने अल्टिऑन वेबसिस्टिम्स घेतली ७८० कोटी डॉलरला, शेअर देऊन. त्याच वर्षी सिस्कोने अॅरोपॉइंट घेतली ५७० कोटींना. दोन्ही लोड बॅलन्सर बनवणाऱ्या. पुढे काय झालं, नॉर्टेल दिवाळखोरीत गेली आणि २००९ मध्ये अल्टिऑनचा धंदा रॅडवेअरने उचलला, जेमतेम पावणेदोन कोटी डॉलरला. शून्यं मोजून बघा. आणि सिस्कोने २०१२ मध्ये आपल्या एसीई नावाच्या लोड बॅलन्सरवरचं पुढचं कामच थांबवलं, एवढी मोठी कंपनी पण हा छोटा खेळ जमला नाही. म्हणजे बाजाराने कुठल्या कंपनीला किती भाव दिला यावरून तिच्या वाढीबद्दल काही ठरवू नका. आणि ओपन सोर्स विकत घेतलं की आणखी एक पेच असतो, कोड लोकांचा असतो आणि लोक नाराज झाले तर फोर्क करतात, म्हणजे त्याच कोडची प्रत घेऊन वेगळी चूल मांडतात. एनजिनएक्सच्या एका मुख्य डेव्हलपरने फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रीएनजिनएक्स काढलंच की वेगळं.

छोट्या कंपनीचं वाचन जरा वेगळं करावं लागतं, त्यासाठी ए१० चं उदाहरण चांगलं. २००४ मध्ये सॅन होजेला सुरू, मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर १५ डॉलरला लिस्ट. यांचं एक बळ म्हणजे टेलिकॉम कंपन्या. आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, मग मोबाइल कंपन्यांना एका पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं बसवायची गरज पडली, त्याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, आणि तो बॉक्स हे विकतात. धंदा चांगला, पण गिऱ्हाइकं मोजकी आणि अवाढव्य. अशा दोन-तीन गिऱ्हाइकांनी खरेदी एक क्वार्टर पुढे ढकलली की आकडा धाडकन पडतो. २०२२ मध्ये २८ कोटी डॉलर, २०२३ मध्ये २५ कोटी, कारण उत्तर अमेरिकेतल्या सर्व्हिस प्रोव्हायडरांनी हात आखडला, २०२४ मध्ये परत २६ कोटी. प्रॉडक्ट तेच, लोक तेच. म्हणून छोट्या कंपनीत "दहा टक्क्यांहून जास्त रेव्हेन्यू देणारी गिऱ्हाइकं" ही टीप आधी वाचा, मग रेव्हेन्यू एंटरप्राइजमधून किती आणि सर्व्हिस प्रोव्हायडरमधून किती, मग देशवार विभागणी. तिथे नावं बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरची असतात, खऱ्या गिऱ्हाइकाची नाही, हेही ध्यानात ठेवा, डिस्ट्रिब्युटरकडे माल गेला म्हणजे तो कुणी वापरायला घेतलाच असं नसतं. याच कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की ऑडिट कमिटी जुन्या हिशेबांची चौकशी करतेय, आणि नंतर मागचे आकडे दुरुस्तही करावे लागले. अशा वेळी तुमच्या शीटमधले जुने आकडे पण बदला, मी एकदा जुनेच ठेवून पुढे वाढ मोजत बसलो होतो.

क्वार्टर संपतानाची एक गंमत सांगतो, कंपनीचं नाव राहू दे. शेवटच्या आठवड्यात सेल्सवाल्याचा फोन, सर तुम्ही पुढच्या वर्षी घेणार आहात ना, आत्ता पीओ (खरेदीची ऑर्डर) द्या, इतके टक्के जास्त सोडतो, फक्त शुक्रवारपर्यंत. आम्ही दिला. बॉक्स आले आणि चार महिने पॅक खोक्यात पडून होते कारण रॅकमध्ये जागाच नव्हती. त्यांच्या आकड्यांत मात्र त्या क्वार्टरला वाढ झाली. असं एखाददुसरं सगळेच करतात, पण सवय लागली की खुणा दिसतात. येणं बाकी असलेली रक्कम रेव्हेन्यूपेक्षा जोरात वाढते, म्हणजे माल शेवटच्या दिवसांत ढकललाय आणि पैसे अजून यायचेत. सोपं गणित करा, येणं बाकी भागिले क्वार्टरचा रेव्हेन्यू गुणिले नव्वद, जे दिवस येतील ते क्वार्टरमागून क्वार्टर लिहून ठेवा, वाढत गेले तर थांबून कारण शोधा. ढोबळ नफ्याकडे पण बघा, या धंद्यात चांगल्या कंपनीचा तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो, रेव्हेन्यू वाढताना तो घसरत असेल तर वाढ डिस्काउंटने विकत घेतलीय किंवा सामान महागलंय.

प्रति शेअर कमाईच्या वाढीवर मी फार वेळ घालवत नाही. नॉन-गॅप म्हणजे हिशेबाच्या प्रमाण नियमांबाहेर कंपनीने आपल्या पद्धतीने काढलेल्या आकड्यांत कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च वगळलेला असतो, आणि बायबॅकने, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत घेतल्याने, शेअरची संख्या कमी झाली की नफा तेवढाच राहूनही प्रति शेअर आकडा वाढतो. गॅपचा, म्हणजे प्रमाण नियमांचा, आकडा शेजारी ठेवा, शेअरची संख्या बघा, पुढे चला.

आता सिक्युरिटी. इथे मी थोडा थांबणार आहे कारण या कंपन्यांच्या वाढीची आशाही हीच आणि भीतीही हीच. आधी तपासायचं ते असं की "सिक्युरिटी रेव्हेन्यू" म्हणून जे सांगतात त्यात काय धरलंय. लोड बॅलन्सरच्या बंडलमध्ये फायरवॉलचं मॉड्यूल घातलं आणि बंडलचा अर्धा पैसा सिक्युरिटीत दाखवला तर ते वाढलंच म्हणायचं का? काही गिऱ्हाइकं ते मॉड्यूल कधी चालूच करत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, लायसन्स आहे पण पॉलिसी नुसती मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे बघते पण अडवत काही नाही, तीन वर्षं. स्वतंत्रपणे विकलं जाणारं सिक्युरिटी प्रॉडक्ट किती, हा प्रश्न कॉलमध्ये कुणी विचारला तर उत्तर कान देऊन ऐका.

आणि उलटी बाजू. ट्रॅफिकच्या तोंडावर बसलेलं यंत्र फुटलं तर सगळंच उघडं पडतं. जुलै २०२० मध्ये बिग-आयपीच्या मॅनेजमेंट स्क्रीनमधली सीव्हीई-२०२०-५९०२ ही त्रुटी (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीचा नोंदणी क्रमांक) आली, मे २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-१३८८ आली, दोन्ही अतिगंभीर, दोन्ही वेळा लोक शनिवार-रविवारी पॅच मारत बसले. मॅनेजमेंटचा पत्ता इंटरनेटवर उघडा ठेवणारे किती आहेत तेही तेव्हा कळलं. तरी त्या दोन्ही वेळा वाढीवर मोठा ओरखडा दिसला नाही, कारण वर सांगितलं तेच, तीनशे आयरूल्स. पण १५ ऑक्टोबर २०२५ ला एफ५ ने जाहीर केलं ते वेगळ्या पातळीचं होतं, कुठल्यातरी देशाच्या पाठबळावरचे हल्लेखोर त्यांच्या आतल्या यंत्रणेत बराच काळ होते, बिग-आयपीच्या सोर्स कोडचा काही भाग आणि तोवर जाहीर न केलेल्या त्रुटींची माहिती घेऊन गेले, कंपनीला हे ऑगस्टमध्ये कळलं होतं. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने त्याच दिवशी सरकारी खात्यांना तातडीचा आदेश काढला. दोन आठवड्यांनी २०२५ चा निकाल लागला, दहा टक्के वाढीचा, आणि सोबत २०२६ साठी अंदाज दिला शून्य ते चार टक्के.

आता वर सांगितलेलं सगळं या एका अंदाजावर लावून बघा, सरावाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. शून्य ते चार यात हल्ल्याची भीती किती आणि हार्डवेअर बदलायची लाट ओसरण्याचा भाग किती, हे एका आकड्यातून कळत नाही, म्हणून क्वार्टरमागून क्वार्टर तीन रकाने भरायचे. पहिला सिस्टिम्स, कारण घाबरलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी नवीन खरेदी थांबवतं, पॅच आणि ऑडिटमध्ये अडकलेल्या टीमला नवीन प्रोजेक्टला वेळच नसतो. पण हाच रकाना एंड ऑफ लाइफच्या तारखांमुळे वरही ढकलला जाणार, तेव्हा तो नुसता वर गेला म्हणून लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. दुसरा सॉफ्टवेअर, तिथे तीन वर्षांपूर्वी म्हणजे २०२३ मध्ये झालेले करार २०२६ मध्ये रिन्यूअलला येतात, त्या क्वार्टरचे जुने आकडे शेजारी ठेवा, तिथे मोठं भोक पडलं तर ते कॅलेंडरचं नाही. तिसरा सर्व्हिस आणि डिफर्ड रेव्हेन्यू, आणि इथे घाई करू नका, ज्याने २०२५ च्या उन्हाळ्यात तीन वर्षांचा सपोर्ट भरलाय तो चिडला तरी २०२८ पर्यंत तुमच्या शीटमध्ये दिसणार नाही.